खांबापाशी मांडी

फुआतिनोच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली ती एका डुकरापायी. डुक्कर शेजाऱ्याचं, तारोच्या कंदांचं शेत हिचं. हातात कोयता आणि तोंडात शिव्या घेऊन ती डुकरामागं काळ्या लाव्हाच्या दगडांवरनं धावली. डुक्कर कुंपणातनं निसटलं आणि बाई दगडावर गुडघ्यानं आदळली. पुढं कैक दिवस भेटेल त्याला ती आधी हे सांगायची, की डुकराला एक फटका बसला होता. गुडघ्याचं मागाहून सांगायची.

वय साठीला टेकलेलं. अंगानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. सवाई बेटावरच्या आमच्या वाइतोलो गावात मालोफोऊ हा किताब तिच्या घराण्याचा. किताब ज्याला मिळाला तो मताई, आणि मालोफोऊ म्हणजे बोलणारा मताई. घराण्याच्या वतीनं, कधी साऱ्या गावाच्या वतीनं, पाहुण्यांपुढं तोंड उघडायचं ते त्यानं. बाप वारला तेव्हा दोघं भाऊ न्यूझीलंडात मांसाच्या कारखान्यात राबत होते, परत यायचं नाव घेत नव्हते. भावकीनं बसून खल केला आणि किताब लेकीला दिला. चारजण कुरकुरले. बाई बोलेल हो, बोलायला तिला कोण शिकवणार, पण दिवसभर बसेल का?

बसणं म्हणजे काही गंमत नव्हे. आमचं सभाघर बिनभिंतीचं, नुसत्या खांबांवर उभं. ज्या त्या मताईचा खांब ठरलेला. त्या खांबाला पाठ लावून चटईवर मांडी घालायची आणि आवा या मानाच्या पेयाची वाटी फिरून, बोलणी होऊन, जेवणं उरकेपर्यंत मोडायची नाही. पाय पसरून तळवा कुणाकडं केला तर ती त्या माणसाच्या तोंडावर थुंकल्यासारखी गोष्ट. म्हातारे आणि आजारी माणसं पाय पसरतात, वरनं चटई ओढून घेतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. पण त्यांच्याशी कुणी वादही घालत नाही. आणि वाद हे तर बोलणाऱ्याचं खाणंपिणं. पाहुणे आले की कुणी बोलायचं यावर बोलणारे मताई आधी आपसात भांडतात, अगदी गोड शब्दांत भांडतात, आणि जिंकेल तो बोलतो. ज्याला वादात कुणी ओढत नाही तो खांबापाशी ठेवलेलं गाठोडं.

फुआतिनो पहिल्या सभेला बसली ती सकाळच्या आवापासनं दिवे लागेपर्यंत. पुरुष आळीपाळीनं लघवीच्या निमित्तानं उठून आले, ही हलली नाही. शेवटी उठली आणि सरळ चालत घरी गेली. कुरकुर तिथंच मिटली.

त्याच बाईचा गुडघा आता मेखेसारखा सरळ. वाटी डॉक्टरांनी तारेनं बांधली, ती सांधलीही झकास. पण पाय महिनोन्‌महिने पट्टीत राहिला आणि आतलं सगळं एकमेकांना चिकटलं. चालताना पाय बाजूनं फिरवून टाकायचा, बसायचं तर पलंगाच्या कडेवर. सभा भरली की ती मागं बाजूला, पायावर चटई घेऊन बसायची. तिच्या खांबापाशी रिकामी चटई.

शेजारचा खांब सामासोनीचा. हा तिचा चुलतभाऊ, तोही बोलणारा मताई, जिभेचा तिखट. एकदा तो म्हणाला, "आक्का, चर्चमधली कुर्ची आणून दिऊ का? बस वर, आमी समदे खाली बसतो, वाटलं तर पाया पडतो."

"आन तू बस माज्या खांबाला टेकून, असंच ना?"

"मी कुटं म्हनलं? पर खांब लई दिस मोकळा ऱ्हायला तर वाळवी लागती म्हनं."

हसत बोलायचा, पण तिला सगळं कळत होतं. चर्चचं नवं छप्पर पुरं होत आलं होतं. ते झालं की उपोलू बेटावरनं बडे पाहुणे येणार. त्यांच्या स्वागताला गावाकडनं जो बोलेल तोच पुढं गावाचा बोलणारा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

म्हणून ती पुन्हा शहरात गेली. हाडाच्या डॉक्टरांनी भूल देऊन गुडघा मोकळा केला. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "आत्ता तो वाकतोय. पण तो परत आखडायला बघणार. त्याला थारा द्यायचा नाही. पुढचे थोडे आठवडे तुमचे. ते गेले की माझ्या हातात काही नाही." आणि तिच्यासोबत एक यंत्र पाठवलं.

यंत्र घेऊन आली तालीता. जिल्ह्याच्या दवाखान्यात रोग्यांकडनं व्यायाम करून घेणारी बाई, तिशीतली, शहरात वाढलेली, बोलणं मऊ आणि नजर कडक. फुआतिनोच्या बिनभिंतीच्या घरात चटईवर तिनं यंत्र मांडलं. लोखंडी सांगाडा, मध्ये सांधा, वर लोकरीचं अस्तर, तळव्याला टेकायला एक ताठ पाटी. पाय त्यात ठेवून मांडीला आणि घोट्याला पट्टे आवळले. कळ दाबली. यंत्र गुरगुरलं आणि फुआतिनोचा गुडघा आपल्याआप हळूहळू वर उठला, थांबला, परत खाली गेला.

फुआतिनो त्याच्याकडं बघत राहिली. "मी काय करायचं?"

"काहीच नाही. पाय सैल सोडायचा. तुम्ही जोर लावायचा नाही, अडवायचं नाही. ते वाकवेल, ते सरळ करेल. रोज थोडं जास्त वाकवायला मी पेपेला शिकवून जाते. दुखून घाम फुटला तर ही कळ दाबून थांबवायचं. आणि मी सांगितलेले व्यायाम वेगळे. यंत्र गुडघा मोकळा ठेवतं, बळ तुमचं तुम्ही कमवायचं."

"किती येळ चालवायचं?"

"जेवण, झोप, अंघोळ आणि व्यायाम सोडून दिवसभर. मध्येच काढलं की आखडलं."

"एवढंच? मला वाटलं काय अवघड काम हाय."

पेपे म्हणजे तिची सून. हाताची चपळ, तोंडाची गरीब. पहिल्या दिवशी सकाळी यंत्र सुरू झालं आणि फुआतिनो उशाला टेकून राणीसारखी पडली. रस्त्यावरनं जाणारी पोरं थांबून बघायला लागली. तेवढ्यात पाद्रीबाबा आणि त्यांची बायको बिस्किटांचा डबा घेऊन वाटेवर दिसले.

फुआतिनोनं बघितलं, की पाद्रीबाबा ज्या बाजूनं येतायत त्याच बाजूला आपला तळवा. नुसता तळवाही नव्हे. त्या पाटीवर ताठ उभा राहिलेला, वर खाली होत जणू बाबांना हूल देणारा.

"पेपे, सोड."

पेपेनं पट्टे सोडले, यंत्र पेट्यांमागं ढकललं. फुआतिनोनं पाय खाली सरळ केला, वर चटई ओढली. बाबा बसले, प्रार्थना झाली, कोको झाला, गावातल्या साऱ्या दुखण्यांची विचारपूस झाली. ते गेले, यंत्र परत आलं, पट्टे आवळले. पाय जेमतेम गरम होतोय तोवर महिला मंडळाच्या बाया चटया विणायचं सामान घेऊनच आल्या, म्हणजे दुपारपर्यंत बसायच्या बेतानं.

"पेपे, सोड."

असा दिवस गेला आणि असेच पुढचे. मालोफोऊ शहरातनं उपचार करून आली म्हणजे भेटायला जाणं भाग. भेटायला आलेल्यापुढं पाय पसरणं अशक्य. यात आपलं काही चुकतंय हे तिच्या मनातही आलं नाही. ती दिवसभर यंत्राजवळच होती की.

आठवड्यानं तालीता आली, कोन मोजायची पट्टी गुडघ्याला लावली, परत लावली.

"मागं गेलाय गुडघा."

"असं कसं हुईल? पट्टी उलटी धरली असंल."

"पट्टी सरळ आहे. यंत्र चालवलंत का?"

"चालवलं की. इचार पेपेला."

पेपे छपराकडं बघायला लागली. तालीतानं पुढं काही विचारलं नाही. पाय यंत्रात घातला, स्वतः पट्टे आवळले, कळ दाबली आणि शेजारी बसून राहिली. थोड्या वेळानं वाटेवर पाद्रीबाबा दिसले, पाठोपाठ त्यांची बायको. आणि तालीताचाच हात पट्ट्याकडं गेला. एक पट्टा सुटलाही. मग तिच्या ध्यानात आलं, की आपण काय करतोय. हात तसाच राहिला.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "हे असं झालंय होय."

यंत्र पेट्यांमागं गेलं, पाद्रीबाबा येऊन गेले. मग ती म्हणाली, "मागं भावांनी बांधलेलं सिमेंटचं घर आहे ना तुमचं? त्याला खोली आहे, दार आहे. तिथं ठेवू यंत्र. माणसं आली की पेपे सांगेल, नंतर या."

"दार लावून बसलेला बोलनारा मताई कुनी बघितलाय का? मानसं म्हनतील मेली का काय. सामासोनी तर पयला फुलं घिऊन यील."

"मग गुडघा जाईल. मी घाबरवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेच सांगते. अजून उशीर झालेला नाही, पण असे दोन आठवडे गेले तर होईल."

फुआतिनोची जीभ थांबली, की समजायचं डोकं चालू झालं.

आधी तिनं चटईचा उपाय केला. यंत्र, पाय, सगळ्यावर मोठी चटई पसरली. गुडघा वर आला की चटईचा डोंगर व्हायचा, खाली गेला की चटई घसरायची, आणि तळवा पुन्हा बाहेर. विणायला आलेल्या बाया विणायचं सोडून डोंगराकडंच बघत बसल्या. एक म्हणाली, "बाई, खाली डुक्कर-बिक्कर हाय का काय?" शेवटी चटईची कड सांध्यात अडकली, यंत्रानं एकदा कण्हल्यासारखं केलं आणि ते बंद पडलं. कड सोडवायला पेपेला कात्री लागली. विणलेली चटई कापताना सगळ्या बायांचा जीव खालवर झाला, गुडघ्याचं कुणाला काही नव्हतं.

मग तिनं बाजू बदलून बघितली. तळवा समुद्राकडं केला तर कोळी परतायची वाट तिकडनं. चर्चकडं करायची सोय नाही. चारी बाजूंनी उघडं घर, पाय कुठंही केला तरी कुणाच्या तरी तोंडावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपे धावत आली. "आत्याबाई, आउमाले येत्यात. संगं सामासोनी मामा."

आउमाले म्हणजे गावातले थोरले मताई. त्यांच्यापुढं बोट उगारलं तरी सभा दंड लावते, दंड म्हणजे डुकरं आणि चटया, आणि त्याहून वाईट म्हणजे बोलायचा हक्कच काढून घेते. पेपेचा हात पट्ट्यावर पडला.

"हात लावू नगंस," फुआतिनो म्हणाली.

"आवं पर..."

"चालू दे. आन ते उठूस्तर कळीकडं बघू बी नगंस."

आउमाले आले, वाकून आत शिरले आणि रिवाजाप्रमाणं समोरच्या खांबाला टेकून बसले. बरोबर तळव्यासमोर. पाय वर गेला, खाली आला. सामासोनी बाजूला बसला. त्याच्या भुवया कपाळाच्या वर गेल्या होत्या. फुआतिनोनं पाठ ताठ केली आणि सभेत लावायची तीच बोली लावली.

"आउमाले, आपल्या येण्यानं या घराची उंची वाढली. आज या छपराखाली दोन प्रवासी आहेत. एक आपण, आपला प्रवास संपला, आपण विसावा घ्या. दुसरा हा पाय. हा शहरातल्या डॉक्टरांच्या घाटावरनं निघालाय आणि आपल्या सभाघरातल्या एका खांबाकडं चाललाय. होडी लहान, लाटा आडव्या, वेळ थोडा. अर्ध्या पाण्यातल्या होडीला हाक मारून थांबवायची रीत आपल्या वाडवडलांनी घातली नाही. तिचं नाक आपल्याकडं आहे ते वाऱ्यामुळं, मनामुळं नव्हे. पोचेल तेव्हा हाच पाय आपल्यापुढं दुमडून बसेल आणि माफी मागेल. तोवर त्याच्यासाठी मी मागते."

तिनं मान खाली घातली. घरात फक्त यंत्राची गुरगुर. पाय वर गेला, पाय खाली आला. आउमाल्यांचा चेहरा म्हणजे उकडलेला तारो, त्यावर काही उमटायचं नाही.

सामासोनीला राहवलं नाही. "पाय थांबत न्हाई, तोंड थांबत न्हाई. दोन्ही मशिनी एकाच कारखान्याच्या दिसत्यात."

आउमाल्यांचं पोट आधी हललं, मग खांदे. हसणं ओसरल्यावर त्यांनी दोन्ही हात टेकले, जडपणानं उठले आणि तिच्या उशाकडच्या खांबापाशी येऊन बसले.

"होडीच्या नाकासमोर बसू न्हाई, एवढं आमाला कळतं," ते म्हणाले. "कोको आना."

थोरल्यांनी एकदा जागा बदलली, मग कुणाची टाप. त्या दिवसापासनं फुआतिनोकडं येणारा जो तो वळसा घालून उशाकडं जायचा. पाद्रीबाबासुद्धा. विणणाऱ्या बाया डोक्याशी अर्धा गोल करून बसायच्या. पायाकडची बाजू मोकळी, आणि यंत्र सकाळपासनं संध्याकाळपर्यंत गुरगुरत.

गुडघा वाकायला लागला. पेपे रोज काटा थोडा पुढं सरकवायची आणि फुआतिनो तिला आणि यंत्राला एकदमच शिव्या द्यायची. यंत्र थांबलं की व्यायाम. टाच जमिनीवरनं ओढत आणायची, पाय सरळ करून उचलायचा, पलंगावरनं हात न टेकता उठायचं. सूज आली की बर्फ, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तालीता आली, पट्टी लावली, आणि या खेपेला तिनं ती एकदाच लावली.

"यंत्राचं काम संपलं," ती म्हणाली. "ते यापुढं वाकवत नाही. दुसरा रोगी वाट बघतोय, घेऊन जाते."

"आन मांडी?"

"मांडीला याहून जास्त लागतं, आणि गुडघा बाजूला पाडावा लागतो. ते तुमचं तुम्हाला. रोज खाली बसायचं, टाच जवळ घ्यायची, जाईल तेवढीच. वरनं दाबायचं नाही, दुसऱ्या कुणाला दाबू द्यायचं नाही. मताईगिरी गुडघ्यावर चालत नाही."

"माजी समद्यांवर चालती."

"दिसलं मला ते. पण गुडघ्यावर नाही." जाताना तालीता जोत्याच्या दगडापाशी थबकली. "पाहुणे यायच्या दिवशी मला सुट्टी आहे. मी येणार आहे बघायला."

पाहुणे यायच्या आधी सामासोनी घरी आला, उशाकडं बसायची सवय लागलेली, ती मोडून समोर बसला. "आक्का, तोंडावर सांगतो. मी भाषन बांधलंय. तू बसली न्हाईस तर मी बोलनार. आन बसलीस तरी मी सोडनार न्हाई."

"सोडू नगंस," फुआतिनो म्हणाली. "माजी कीव केलीस तर त्या डुकरागत कोयता घिऊन मागं लागंन."

"डुक्कर सुटलं हुतं, आक्का."

"फटका बसला हुता त्याला."

पाहुणे आले. सभाघराची एक बाजू त्यांनी भरली, एक बाजू गावानं. फुआतिनो नव्या लुगड्यासारखी कडक इस्त्रीची लावालावा नेसून आली, आपल्या खांबाशी उभी राहिली. सगळं घर तिच्या गुडघ्याकडं बघत होतं आणि बघत नसल्याचं दाखवत होतं. खांबाला पाठ घासत ती खाली गेली. डावा पाय दुमडला. उजवी टाच हातानं धरून आत घेतली. गुडघा वर राहिला, मग हळूहळू बाजूला झुकला. डाव्यासारखा जमिनीला नाही टेकला, चार बोटं वर राहिला. तिनं लावालावाची चुणी त्यावर नीट केली आणि हात मांडीवर ठेवले. मांडी ती मांडी.

आवाआधी वाद सुरू झाला. दोघं म्हातारे मताई रीत म्हणून थोडं बोलून मागं सरले. राहिले दोन खांब.

सामासोनीनं काही राखलं नाही. "मालोफोऊ, आपण दुखण्यातनं उठलात, गाव आनंदात आहे. पण पाहुण्यांना ताजा आवाज हवा. आपण विसावा घ्या, हे ओझं माझ्या खांद्यावर द्या. आपला गुडघा नवा आहे, त्याला पहिल्याच दिवशी एवढं राबवू नये."

गावातल्या चारजणांनी खाली बघितलं. एवढं उघड बोलायला नको होतं, असं त्यांना वाटलं. पाहुण्यांच्या मागं, घराबाहेरच्या सावलीत बसलेल्या तालीतानं फुआतिनोकडं बघितलं, तर बाईच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखा उजेड.

"सामासोनी," ती म्हणाली, "तुमचा आवाज ताजा आहे, मान्य. माशासारखा ताजा आहे, त्याला अजून मीठ लागायचंय. मी शब्द मागते तो दुखण्याच्या नावावर नाही. हा खांब माझ्या बापाचा, त्याच्या बापाचा. मी त्याला टेकून बसलेय. ज्याला वाटत असेल की मी बसलेली नाही, त्यानं येऊन बघावं."

असं बराच वेळ चाललं. तो माघार घेईना, ती ऐकेना. पाहुण्यांतले बोलणारे मताई पुढं सरकून ऐकायला लागले, चांगला वाद ऐकला की त्यांनाही भूक लागते. तिच्या गुडघ्यात सुया टोचत होत्या, कपाळावर घाम होता, आणि आवाज मात्र वाढत चालला होता. शेवटी सामासोनीनं दोन्ही हात चटईवर ठेवले. "शब्द आपला, मालोफोऊ. गाव आपल्या तोंडून बोलेल."

दया म्हणून त्यानं तो दिला नव्हता. त्याचे डोळे अजून चिडलेले होते, त्यावरनं तिला कळलं.

मग ती बोलली. पाहुण्यांच्या घराण्यांची नावं, त्यांच्या वाटा, त्यांचे पूर्वज, समुद्र, छप्पर, देव, सगळं घेतलं, एकही नाव चुकलं नाही. आवा फिरला, पानं मांडली गेली, डुक्कर वाटलं गेलं. पाहुणे उठून नव्या चर्चकडं गेले, मागोमाग गाव गेलं.

फुआतिनो बसूनच राहिली. सामासोनी चपला शोधत होता, त्यानं वळून बघितलं.

"चला की आता, आक्का."

"तू हो फुडं."

"पाय मेला का?"

"कवाच."

तो परत आत आला. हात पुढं करणार होता, पण तिची नजर बघून त्यानं हात मागं घेतला, आपल्या खांबापाशी गेला आणि पुन्हा मांडी घालून बसला.

"मंग बसू," तो म्हणाला. "तवर मला सांग, त्या तिसऱ्या घराण्याचं नाव तू दुसऱ्याच्या आदी का घेतलंस? माज्या भाषनात ते मागं हुतं."

"तुज्या भाषनात चुकलं हुतं."

"कुटं चुकलं? माज्या आज्यानं..."

"तुजा आजा बी चुकलाच हुता," फुआतिनो म्हणाली, आणि उजवी टाच हातानं हळूहळू बाहेर काढत त्याला पहिल्यापासनं समजावायला लागली.